पुस्तकातली पोर नांदते का

तुम्ही तिघा नातवंडांनी माझ्या वाढदिवसाला पाठवलेलं जाड इंग्रजी पुस्तक मिळालं. वाचूनही झालं. पण ते आमच्या घरात कसं वाचलं गेलं, हे सविस्तर लिहिल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

मी लग्न होऊन माजलगावला आले तेव्हा ट्रंकेत साड्यांखाली याच मालिकेची पुस्तकं होती. एक मुलगा, एक मुलगी, दोघं शाळकरी. डोंगरातल्या गावात घोडे चोरणाऱ्यांचा माग काढायची. त्याला कुत्र्यांची भीती आणि तिला कशाचीच नाही. शाळेच्या वसतिगृहात मी ती पुस्तकं पाठ होईपर्यंत वाचली होती.

दुपारी दुकानातली पुरुषमंडळी जेवून गेली की तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा फोडायला बसत. शेजारी माझी धाकटी जाऊ. दोघींना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून मी डोळ्यांनी इंग्रजी वाचायची आणि तोंडानं मराठी बोलायची. त्या पोरांच्या डब्यातलं पाव-लोणी आमच्याकडे येईपर्यंत धपाटे आणि दही होऊन जायचं.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला थांबवलं. "वयात आलेली पोरगी परक्या पोरासंगं डोंगरात कावून हिंडती?"

"मामी, ते चोर शोधतायत."

"शोधू दे. पण भाऊ-बहीण कर त्यांना. तरच वाच."

मी केलं. वरून माझ्या पदरची एक राखीपौर्णिमाही घातली. अडचण एवढीच, की अधूनमधून तो मुलगा तिचा हात हातात घ्यायचा. तेव्हा मी तिच्या बोटात काटा रुतवत असे आणि तो काटा काढत असे. त्या गावात फार काटे होते, असं धाकटीला अजून वाटतं.

आता लेखिकेनं इतक्या वर्षांनी पुढचा भाग लिहिला. सासूबाई खाटेवर असतात, नजर अधू झाली आहे, पण कान तरुण आहेत. पुस्तक आलं म्हटल्यावर धाकटी तुरी पाखडायचं सूप घेऊन हजर झाली. मी पहिलं पान उघडलं. पोरं पन्नाशी ओलांडलेली. त्याचं टक्कल, तिचे गुडघे. दोघं भांडत होती, ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला म्हणून.

पलंग एकच होता. ती नवरा-बायको झाली होती.

मी शिस्तीची बाई, घाईत निर्णय घेऊ नये असं मानणारी. तरी घाईत म्हणून गेले, "बहीण भावाकडे राहायला आलीय."

"कावून?" सासूबाई म्हणाल्या. "नवरा कुठं हाय तिचा?"

"कामानिमित्त बाहेरगावी."

दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडायच्या आधीच प्रश्न आला. "आला का गं नवरा?"

"नाही अजून."

"पोरीला टाकली त्यानं. मला कळतंय. तुमी सांगत न्हाईत."

धाकटीचं लक्ष तुरीवर कमी आणि माझ्यावर जास्त होतं. "अक्का, ती दोन पोरं कुणाची म्हणालात?"

"तिची."

"मग मामाला बाबा कावून म्हणतात?"

मी चष्मा पुसला. फार वेळ पुसला.

त्या दिवशी सासूबाईंनी भाकरीचं ताट बाजूला सारलं. "भावाच्या दारात पडलंय लेकरू," म्हणाल्या. "आन भाऊ बी असा, की टॉवेलावरून बोलतो. पोर डोंगरावर चढायची, कुणाला भ्यायची न्हाई. तिचं असं व्हावं." डोळ्यांना पदर लावला. मला वाटत होतं, खरं सांगितलं तर पुस्तक बंद होईल. पण न सांगता ही बाई उपाशी राहणार होती.

"मामी," मी म्हटलं, "ती भाऊ-बहीण नाहीत. तिचा नवरा तोच आहे."

धाकटीच्या हातातलं सूप कलंडलं. तुरी खाटेखाली गेल्या.

मग सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी नांदती?"

"नांदते."

"त्याच घरात?"

"त्याच घरात."

"मग ताट आण इकडं."

भाकरी संपेपर्यंत त्यांनी निकाल दिला नाही. पाणी पिऊन मग दिला. "सख्खी कोण म्हणलं होतं? आत्या-मामाची असतील. मला कुठं दिली होती? आत्याच्याच घरात आले की मी."

"पण राखी बांधली होती ना," धाकटी म्हणाली.

"ती थोरलीच्या पदरची. तिला काय कळतंय, शहरात शिकलेली. वाच गं, आता लगीन वाच."

पुस्तकात लग्न नव्हतं. लग्न कधीच होऊन गेलं होतं. ज्या बाईनं चोरांच्या पायांचे ठसे तीन-तीन पानं लिहिले तिनं लग्न गाळलं, यावर दोघींचा विश्वास बसेना. मग पुस्तक मांडीवर उघडं ठेवून मीच लावलं. बुंदी की जिलबी यावर धाकटीनं अर्धा तास घेतला. मी नवऱ्यामुलाच्या आईचा मान विसरले, तेव्हा सासूबाईंनी तिला लगेच रुसवली आणि भरजरी साडी मिळाल्यावरच उठू दिली. अक्षता पडल्या. काट्यांचा उल्लेख कुणी केला नाही.

एवढं होऊन धाकटी पेटीतून हिरवा खण आणि नारळ काढताना दिसली.

"ओटी राहिली पोरीची," सासूबाई म्हणाल्या.

"मामी, ती पुस्तकात आहे."

"मला काय कळत न्हाई का? पुस्तक कुणी धाडलं?"

"नातवंडांनी."

"मग त्यांच्याकडलीच हाय ना ती. द्या म्हणावं."

नारळ पार्सलात घेत नाहीत, असं सांगून तो मी वाचवला. धाकटीनं त्याची चटणी केली. खण मात्र या कागदासोबत येत आहे. तो उशीच्या अभ्र्याला वापरू नका, निदान पणजीला कळेल असा नको. ती फोनवर विचारील. ओटी पोहोचली, बाई बरी आहे आणि सासरीच आहे, एवढं तिघांनीही एकसारखं सांगा. टॉवेलाबद्दल विचारलं, तर आता तो दोरीवर टाकतो म्हणा.