सासऱ्यांच्या डोंगरावरची झाडं

घटस्फोटाच्या वेळी वकीलबाईंनी मला पुष्कळ गोष्टी समजावून सांगितल्या. घर कुणाकडे राहणार, आडनाव बदलायचं की नाही, रेशनकार्डाचं काय करायचं. सासऱ्यांचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. असलं कुणी वकिलाला विचारतं का? पण खरं सांगते, नवरा गेल्याचं दुःख जुनं होत आलं होतं. आता सासरे जातील याचीच मला धास्ती होती.

नवऱ्याबद्दल इथे फार लिहिणार नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याचं माझ्यात मन उरलं नाही, त्यानं ते तोंडावर सांगितलं. मी रडले, भांडले, मग रडण्याचाही कंटाळा आला आणि ऐन पावसाळ्यात आम्ही सह्या करून मोकळे झालो. मुलंबाळं नव्हती. मुलुंडचं घर सोडून मी नाहूरला भाड्यानं राहायला आले. पवईला ऑफिस, नाहूरला खोली, मध्ये रिक्षावाल्यांशी वाद, असं माझं आयुष्य सुरू झालं.

सासरे मूळचे मालवणकडचे. मुलुंडच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला. निवृत्त झाल्यावर सगळे गावी जातात, हे गेले नाहीत. गावची जमीन भावाभावांत वाटून वाटून इतकी उरली होती की तिथे उभं राहिलं तर एक पाय चुलतभावाच्या हद्दीत पडायचा. म्हणून त्यांनी मुरबाडच्या पुढे डोंगरात एक तुकडा घेतला, त्यावर दोन खोल्या बांधल्या, आणि सासूबाई गेल्यावर तिथेच कायमचे राहायला गेले. म्हणायला शेत. थोडा भात, थोडी नाचणी, आंबे, काजू. बाकीच्या उतारावर रानात आपोआप येतं ते त्यांनी तोडलंच नाही. पांगारा, पळस, काटेसावर, आणि अगदी वर कातळाजवळ अंजनी. खालच्या वाडीतले लोक हसत. पांगाऱ्याचं फळ खाता येत नाही, लाकूड कामाला येत नाही, मग ठेवायचा कशाला? सासरे म्हणत, बघायला.

आणि बघायला ते मला बोलवत. दर फाल्गुनात त्यांचा फोन यायचा, लागली झाडं, म्हणजे फुलली, म्हणून. हा फोन मुलाला कधीच नसे. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवरा माझ्याबरोबर आला होता. बाजेवर पडून राहिला, ऊन फार आहे म्हणाला, आणि नंतर त्यानं यायचं नाव घेतलं नाही. मग मी एकटीच जायला लागले. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. तिथे गेलं की मी पदर खोचून चुलीपाशी बसायचे, पेज आणि सुका बांगडा असा बेत करायचे, आणि उन्हं कलली की आम्ही दोघं झाडं बघत हिंडायचो. माझे स्वतःचे वडील घरात फक्त पेपराशी बोलत. माझ्याशी बोलायला, मला काही दाखवायला कुणी मुद्दाम थांबतं, हे मला लग्नानंतर कळलं. हे सुख मला नवऱ्यानं नाही, त्याच्या वडिलांनी दिलं.

सह्या झाल्यावर त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. कुठल्या हक्कानं करणार? दिवाळीला न राहवून केला, तेव्हा ते बरा आहे म्हणाले, तू बरी आहेस ना विचारलं. रेंज नाही म्हणत त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या ओट्यावर रेंज चांगली येते हे मला माहीत होतं.

म्हणून फाल्गुनात फोन वाजला आणि स्क्रीनवर 'बाबा' दिसलं, तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमधून उठून बाहेर आले. झाडं लागलीत, रविवारी ये, एवढंच ते बोलले. मी पॅसेजमध्ये उभी राहून ढसाढसा रडले. शेजारच्या टीमची एक मुलगी विचारायला आली, काय झालं, वाईट बातमी आहे का. मी म्हटलं, नाही गं, चांगली आहे. मला वाटलं, सुटले. मुलाचं आणि माझं जे व्हायचं ते झालं, पण आमचं दोघांचं वेगळं आहे हे त्यांनाही मान्य आहे. मी तसाच अर्थ काढला आणि चार दिवस हवेत होते.

शनिवारी मुलुंडच्या बाजारात जाऊन त्यांच्यासाठी सुके बांगडे, जवळा, मालवणी खाजा आणि गुडघ्याला लावायचं तेल घेतलं. बांगडे तीन पिशव्यांत गुंडाळले तरी कल्याणच्या पुढे एसटीत शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मला काही वाटलं नाही. सुनेनं सासऱ्याकडे जायचं ते असंच, वास मारत. खिडकीतून पळस दिसायला लागले होते. करपलेल्या पिवळ्या डोंगरावर मधूनच एखादं झाड भगवं पेटलेलं. मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी ते झाड मागे पडेपर्यंत मान वळवून बघत राहते.

फाट्यावर उतरून शेअर जीपनं वाडीपर्यंत गेले. तिथून पायवाट. बांधाला गिरिपुष्पाच्या फांद्या गुलाबी फुलांनी लगडल्या होत्या. सासरे पायवाटेच्या तोंडाशीच उभे. इस्त्रीचा शर्ट घातलेला. ते शेतावर बनियनवर असतात, हे मला त्या क्षणी खटकायला हवं होतं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण ठेवल्या ठेवल्या उचलला.

ओट्यावर प्लॅस्टिकची खुर्ची मांडलेली होती. ती त्यांनी टॉवेलनं पुसली आणि मला बस म्हणाले. मी नेहमी पायरीवर बसते. मग आत जाऊन त्यांनी पाणी आणलं, स्टीलचा ग्लास, खाली ताटली. इतकी वर्षं मी त्या घरात माठात तांब्या बुडवून पाणी प्यायले होते. मी पिशवी उघडून बांगडे दाखवले. त्यांनी पुडकं हातात घेतलं, बरे आहेत म्हणाले आणि आत ठेवून आले. एरवी ते लगेच उघडून वास घेत, आणि मुलुंडची कोळीण लुटते तुला, असं म्हणून मला चिडवत.

मी उठून स्वयंपाकाकडे निघाले तर म्हणाले, झालंय सगळं, आधी झाडं बघू.

पांगारा असा फुललेला मी याआधी पाहिला नव्हता. पान एक नाही, नुसत्या काटेरी फांद्या आणि टोकाटोकाला लालभडक झुबके. साळुंक्या, बुलबुल, कावळे, सगळ्यांची जत्रा भरलेली आणि एकेकाचं तोंड मधानं भरलेलं. काटेसावरीखाली फुलांचा सडा पडला होता. जाड गेंदेदार फूल वरून सुटायचं आणि जमिनीवर धप्प आवाज व्हायचा. सासरे एकेका झाडापाशी थांबून सांगत होते. हा पांगारा, याच्या खोडाला हात लावू नये, काटे असतात. ही काटेसावर, हिचा कापूस उशीत भरतात. मला हसू आलं. मी म्हटलं, बाबा, हे तुम्हीच मला शिकवलंत की. ते थांबले. म्हणाले, हो, तुला माहीतच आहे. आणि पुढच्या झाडापाशी पुन्हा तसंच सांगायला लागले. मला वाटलं वय झालं, विसरतात. माझा जीव कळवळला.

कातळाजवळची अंजनी शेवटी. तिचा निळा रंग दुसऱ्या कशाला नाही. फांदीला थेट चिकटून बारीक निळीजांभळी फुलं, जणू कुणी उभी फांदी निळीच्या बादलीत बुचकळून काढली आहे. तिथे आम्ही बसलो. गार वारा होता. मी त्यांना ऑफिसच्या गमती सांगितल्या, घरमालकीण कशी रोज वास घेऊन ओळखते की आज मासे केले, ते सांगितलं. ते हसले. त्या तेवढ्या वेळात सगळं पूर्वीसारखं होतं. मी सुखात होते, आणि ते मी मनातल्या मनात स्वतःला सांगतही होते.

खाली आलो तर पान मांडलेलं. एकच. कोंबडीचा रस्सा, वाडीतल्या एका मावशीकडून करून आणलेले वडे, कांदा, लिंबू, सोलकढी. आमच्याकडे कोंबडी-वडे जावयाला करतात, व्याह्यांना करतात, परगावाहून आलेल्या माणसाला करतात. घरच्या सुनेसाठी कुणी करत नाही, ती करते. मी म्हटलं, तुमचं ताट कुठंय? ते म्हणाले, तू जेवून घे, मी मागाहून बसतो. आणि मला वाढायला उभे राहिले. वाकून, एका हातानं गुडघा धरून, पळीनं रस्सा वाढत होते. मी वड्याचे नुसते तुकडे करत बसले.

जेवण झालं तसं मी ताट उचललं. त्यांनी दुसरी कड धरली. राहू दे, म्हणाले. मी म्हटलं द्या, घासून टाकते. त्यांनी सोडलं नाही. आम्ही दोघं त्या ताटाला धरून उभे, हाडं इकडून तिकडे घरंगळतायत. मी तशी तापटच. माझा पारा चढला.

"मी पाहुणी आहे का बाबा?"

त्यांनी ताट सोडलं नाही, मान खाली घातली. मी सोडलं. ते मोरीपाशी जाऊन ताट ठेवून आले आणि पायरीवर बसले, माझ्या नेहमीच्या जागेवर. माझ्याशी ते एरवी मुंबईची मराठी बोलत. अगदी आतलं काही असलं की मालवणी यायची.

"तो लगीन करता गो. चैत्रात."

मला कळायला वेळ लागला. तो म्हणजे कोण, हेसुद्धा क्षणभर कळेना. त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी त्याच्या ऑफिसातली आहे. एकदा येऊन भेटून गेली. बोलायला बरी आहे, पाया पडली. झाडं कधी फुलतात म्हणून तिनं विचारलं. चैत्रात लग्न झाल्यावर दोघं इथे यायची म्हणतात.

नवरा दुसरं लग्न करतोय हे ऐकून मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. वाटलंही, पण ते थोडंच. मी बोलायच्या आधी मनात म्हणत होते, मग काय झालं, करू दे, मी फाल्गुनात येईन, ती चैत्रात येईल. हे मी बोलूनही दाखवलं बहुतेक. लहान मुलं कशी वाटणी मागतात, तशी मी दिवसांची वाटणी मागत होते.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तिकापण हीच झाडां दाखवची लागतली. तिच्यार जीव लावचो लागतलो. तू येत रवलंस तर ता माझ्यान जमाचा नाय." आणि शेवटी, "येव नको गो आता."

त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं का? मला माहीत नाही. तेव्हा तरी मला त्यांचा भयंकर राग आला. वाटलं विचारावं, माझ्यावर लावलेल्या जिवाचं काय केलंत? तो कुठे ठेवलात? पण समोर त्यांचा चेहरा होता. फोनवर सांगून मोकळं होता आलं असतं. त्यांनी मला बोलावलं, झाडं दाखवली, वाकवत नसताना वाकून वाढलं, आणि मग सांगितलं. त्या माणसाला वाईट वागताही येत नव्हतं. ओट्याच्या कडेला बसून आम्ही दोघंही रडलो, एकमेकांकडे न बघता. ते इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते.

ऊन उतरल्यावर निघाले. पायवाटेनं ते वाडीपर्यंत आले. मी नमस्कार केला. या वेळी त्यांनी हात बराच वेळ डोक्यावर ठेवला. जीप भरेपर्यंत थांबू नका म्हटलं तरी थांबले. जीप सुरू झाली, तसे खिडकीपाशी येऊन म्हणाले,

"पोचल्यावर फोन कर."

दरवर्षी म्हणत तसंच, तोंडातून निघून गेलं. मग त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही. त्यांनी शब्द परत घेतले नाहीत, मीही हो म्हटलं नाही. ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि जीप वळली.

नाहूरला पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. दार उघडलं, पंखा लावला, चप्पल पायातच होती. फोन हातात घेऊन त्यांचं नाव काढलं आणि तशीच कितीतरी वेळ उभी राहिले. ते ओट्यावर, जिथे रेंज येते तिथे, फोन घेऊन बसले असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी फोन केला असता तर त्यांनी पहिल्या रिंगला उचलला असता. मी केला नाही. उशिरापर्यंत ते वाट बघत बसले असतील, मी नीट पोचले की नाही या काळजीत, आणि फोन येत नाही यावरूनच कधीतरी त्यांना कळलं असेल की पोरीनं आपलं ऐकलं.