मोठेबाबांचा बोलका डबा

वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, यांना अक्कल कमी आणि हौस दांडगी होती. काटोल रोडवरच्या घरामागे, बागेच्या टोकाला संत्री भरायची खोली होती. तिथे पाहुणे बसवून ते रुबाब करत आणि चहासाठी मात्र घराकडे तोंड करून ओरडत. सन ऐंशीच्या सुमारास त्यांनी सीताबर्डीच्या बाजारातून इंटरकॉमची जोडी आणली. एक डबा स्वयंपाकघरात, दुसरा त्या खोलीत. वेगळी तार नको, प्लग लावला की विजेच्या तारेतूनच आवाज जातो, हे ते अशा तोऱ्यात सांगत, जणू वीज त्यांनीच शोधली होती.

महिनाभर डब्यातून नुसती घरघर आली. विहिरीची मोटार दिवसभर चाले, तिचाच तो गोंगाट. आईच्या हे लगेच ध्यानात आलं, पण त्यांना सांगणार कोण? नाचता येईना अंगण वाकडे. "मूग गिळून काहून बसल्या वं? मोठ्यानं बोला न," असं ते आम्हा बहिणींनाच दरडावत.

माझी थोरली बहीण शाळेत शिकवायची. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही, एवढी एकच तिची अट होती. तिला पाहायला सावनेरची मंडळी आली, त्यांनाही मोठेबाबांनी त्या मागच्या खोलीतच बसवलं. समोरासमोर मुलाची आई गोड हसून म्हणाली, "शिकव नं, आमची काही ना नाही." बहिणीचा चेहरा उजळला. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

पाहुण्यांना त्रास नको म्हणून त्या दिवशी मोटार बंद होती. बहीण स्वयंपाकघरात परत आली तोच डब्यातून मोठेबाबांची चहाची फर्माईश खणखणीत ऐकू आली. आवाज पोचला का, हे विचारायला ते स्वतःच धावत स्वयंपाकघरात आले. तिकडचं बटण दाबलेलंच अडकून राहिलं होतं आणि खोलीत आता फक्त पाहुणेच होते. पाठोपाठ मुलाच्या आईचा आवाज आला, "आता हो म्हणून टाकू. एकदा घरात आली का मंग कायची शाळा अन् कायची नोकरी."

आईचा गाळणीचा हात थांबला. मोठेबाबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाहा, शब्दन् शब्द येऊन राहिला."

"ते काय म्हणून राहिले, ऐकलं का?" मी विचारलं.

"ते जाऊ दे वं. आवाज किती साफ आहे, ते पाह्य."

बहीण शांतपणे म्हणाली, "मंग त्यायले बी जाऊन सांगा नं, मोठेबाबा."

त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. आम्ही तिघी डब्याजवळ उभ्या राहिलो. "बाई, तुम्ही आत्ता बोलल्या नं, ते आमच्या घरात जसंच्या तसं ऐकू आलं," मोठेबाबांचा फुगलेला आवाज आला. मग खुर्च्या सरकल्या. "येतो आम्ही," एक पुरुष पुटपुटला. मोठेबाबा त्यांच्या मागे लागले, "थांबा नं, पुन्हा एकदा बोलून पाहा."

बहिणीने प्लग उपटला. आईच्या हातातली गाळणी घेऊन पाहुण्यांचा चहा तिने आमच्या तिघींच्या कपांत गाळला. तिचे डोळे भरले होते.

"उद्या सकाळची शाळा आहे," ती म्हणाली, "अन् साडीले इस्त्री कराची राहिली."