गुळाच्या बीअरचे मार्क

आमची विजयालक्ष्मी, म्हणजे माझी बायको, मार्क देण्यात महाचिंगूस. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो, तेव्हापासून मराठी मंडळाच्या पाककृती स्पर्धेला परीक्षक हीच, आणि दहापैकी सातच्या वर कुणाची डाळ शिजली नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या, उत्तराच्या श्रीखंडाला हिनं साडेसहा दिले! उत्तरा पुण्याला गेली, तिला नातवंडं झाली, पण ते साडेसहा काही ती विसरली नाही. मी अगदी उलटा. मला काहीही वाढा, दहापैकी दहा. म्हणून माझ्या मताला घरात कुत्रं विचारत नाही.

आता आमची सूनबाई. अबोली गुडगावच्या एका पबमध्ये बीअर बनवते. तिथेच मोठाल्या स्टीलच्या टाक्या आहेत, त्यांची मालकीण असल्यासारखी ती त्यांच्यामधून फिरते. दर हिवाळ्यात तिची स्वतःची एक कडक बीअर येते, कोल्हापुरी गूळ घातलेली, थंडीपुरतीच. पुण्याचा फोन आला की विजया मात्र "अबोली फूड टेक्नॉलॉजीत आहे" एवढंच सांगते. खोटं नाही म्हणा! पण शेजारी असलेली अबोली तेवढ्यापुरती मान खाली घालून ताटातलं चिवडत बसते. मला ते दिसायचं.

या डिसेंबरात अबोलीला पाचवा महिना. थेंबसुद्धा तोंडात घ्यायचा नाही. वास घ्यावा, तर नाकाचाही भरवसा नाही, फोडणी टाकली तरी म्हणते साबणाचा वास येतोय. बीअर शनिवारी गिऱ्हाइकांपुढे जायची होती. आदल्या दिवशी दुपारी ती बाटली घेऊन दिल्लीतल्याच द्वारका भागात, आमच्या घरी आली. तिचा नवरा, आमचा साकेत, एक घोट घेऊन म्हणाला, "मस्त है यार!" मी म्हणालो, "दहापैकी दहा!"

"बाबा, मागच्या वर्षी बिघडलेल्या बीअरलाही तुम्ही दहाच दिले होते," अबोली म्हणाली आणि रडायलाच लागली. "चांगली झालीय की नाही, माझं मलाच कळत नाहीये. उद्या लोकांच्या तोंडाकडे बघून कळणार मला."

विजया मटार सोलत होती. जन्मात दारूला न शिवलेली बाई. ती उठली, हात धुतले, देवघराचा पडदा ओढला आणि म्हणाली, "आण इकडे."

अरे देवा! मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

"फार गार आहे, चव कशी कळणार?" म्हणून ती ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसली. मग आमटीची चव बघतात तशी आधी तळहातावर घेऊन चाटली. मग एक घोट. तोंड वाकडं झालं, मग सरळ झालं. मग आणखी एक घोट.

"मेथीच्या लाडवासारखी आहे गं," ती म्हणाली. "आधी गूळ, मग कडू. आणि ते कडू राहतं, पण हवंसं वाटतं. घशाला छान ऊब येते."

"आणि वाईट काय?"

"मध्येच जराशी पातळ लागते. पुढच्या वर्षी बघ."

"मार्क, आई?"

नेमका तेव्हाच उत्तराचा व्हिडिओ कॉल आला. विजयाच्या ओठावर फेस! ग्लास दिसू नये म्हणून मी चटकन मटारांचं ताट पुढे ओढलं. अबोलीनं तर कुणी न सांगताच बाटली टेबलाखाली घेतली. ते बघून विजयाचा चेहरा असा काही उतरला, की मला बघवेना. तिनं अबोलीच्या हातातून बाटली घेतली, सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवली, आणि मग फोन उचलला.

"वहिनी, काय पितेयस गं?"

"बीअर. आमच्या अबोलीनं बनवलीय, ती हेच काम करते. तिला सध्या चाखता येत नाही, म्हणून मी चाखतेय. थांब जरा, मार्क द्यायचे राहिलेत." ती अबोलीकडे वळली. "आठ."

पलीकडून उत्तरा किंचाळली, "आठ? माझ्या श्रीखंडाला साडेसहा आणि बीअरला आठ?"

"तुझं श्रीखंड आंबट होतं," विजया म्हणाली.

अबोली फोनसमोरच सासूच्या गळ्यात पडली, हसतही होती, रडतही होती. विजयानं एका हातानं तिला जवळ धरलं आणि दुसऱ्या हातानं ग्लास उंच धरला, सांडू नये म्हणून. माझे दहा मी मुकाट्यानं मागे घेतले. त्या आठांपुढे त्यांची काय किंमत?