माळ्यावर निजवलेली तावदानं

मी काही लिहावं असा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहिणं माहीत ते परीक्षेपुरतं. तरी धीर केला आहे. वाचणाऱ्यांनी रागावू नये.

साताऱ्यातल्या एका जुन्या चर्चची रंगीत काचांची खिडकी दुरुस्तीसाठी सांगलीला आणली होती. नदीजवळच्या जुन्या इमारतीत आमची कार्यशाळा होती. तिथं मी हे काम शिकत होतो. गावी, मेढ्याला, वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, "फुटकी काच लोकं उकिरड्यावर टाकत्यात, आन् तू ती जोडाय शिकतुयास व्हय?"

कार्यशाळेच्या मॅडम शिकवायच्या, काच घासायची नाही, ओल्या कापसानं टिपायची. जोड असा द्यायचा की उद्या कुणाला तो सोडवता आला पाहिजे. तावदान कायम उभं ठेवायचं. आडवं टाकून वर वजन आलं की काचा धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वाकतात, काच तडकते. आणि काचेवरचं जे रंगकाम गेलं ते गेलं. आपल्या मनानं डोळा-ओठ काढायचे नाहीत.

माझ्या वाट्याला एका देवदूताचा चेहरा आला, तीन तुकडे झालेला. चिरेत सुईच्या टोकानं चिकटवायची राळ थेंबथेंब सोडली. जोडून झाल्यावर मॅडमनी तो उजेडात धरला आणि नुसतं "हं" म्हणाल्या. आयुष्यात मला नीट जमलेली ती पहिली गोष्ट. आमचे वॉचमन काका त्या चेहऱ्याला माझी पोरगीच म्हणायचे. रोज सकाळी विचारायचे, "काय रं, पोरगी बरी हाय का तुझी?"

पावसाळ्यात मी गावी आलो आणि तिकडे नदी चढली. तावदानं खालच्या मजल्यावर होती. कुणाचाच फोन लागेना. पाणी उतरल्यावर काकांचा आला.

"आवं काका, तुमी बरं हाय न्हवं?"

"मला काय धाड भरलीया? ऐक, समदी तावदानं माळ्यावर न्हेली. कमरंएवढ्या पाण्यातनं, येकेक करून. थेंब लागू दिला न्हाई."

"उभी ठेवलीसा ना?"

"आरं, माळ्यावर मलाच रांगत जावं लागतंय, ती कशी उभी ऱ्हातील? निजवली येकावर येक. मधी घरच्या गोधड्या घातल्या."

"आन् माझी पोरगी?" मी विचारलं.

"लय जपून केलं बघ. तुझ्या पोरीच्या डोळ्यापाशी तेवढा जरा भुगा झालाय. तू जोडशील की."