गव्हात तुंबलेलं पाणी

भात शिजल्याचा वास आला की दुष्काळी माणमधल्या सासरचा पहिला हिवाळा आठवतो. माझं माहेर शिराळ्याकडचं. तिथं भाताच्या खाचरात पाणी तुंबवून ठेवतात. "गव्हाचं वाफं भर," एवढंच सांगून नवरा निघून गेला आणि मी ते काठोकाठ भरले. विहिरीनं तळ गाठला, गहू पिवळा पडला.

संक्रांतीला वडील भेटायला आले, तेव्हा सासरे म्हणाले, "पावणं, पोरीला कायबी शिकवलं न्हाई तुमी."

वडिलांनी हात जोडले. "चुकलं आमचं."

नवरा शेजारीच बसला होता. 'मीच तिला नीट सांगितलं नाही,' एवढं म्हणाला असता तरी पुरे होतं.

सासऱ्यांवरचा राग केव्हाच ओसरला. नवऱ्याबरोबर मात्र सगळा संसार केला, पण मनातलं त्याला कधी सांगितलं नाही.