पहिल्या दात्यावरचा ठिपका

"गाडीचं साल नको, जुना शाफ्ट दाखवा!" स्पेअरपार्टवाले काका गिऱ्हाइकांवर खेकसायचे. एकाच सालच्या गाड्यांच्या, चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टच्या टोकाला कमीजास्त दाते निघतात, म्हणून मोजल्याशिवाय ते नवा देतच नसत. जुना आणि नवा, दोन्ही मोजायची मात्र काकू; चुकू नये म्हणून पहिल्या दात्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. ती जाऊन दोन वर्षं झाली. आता काका मोजायचे, तर तीनदा मोजून तीन उत्तरं यायची.

आज टॅक्सीवाल्याने आणलेला जुना शाफ्ट त्यांनी पुसला, तर ग्रीसखाली लाल ठिपका. काकांनी तिथूनच मोजलं. तेवीस. पुन्हा तेवीसच.

"नवा घेऊन जा. हा राहू दे इथे."

"भंगार कशाला ठेवताय, काका?"

"भंगार असेल तुझी गाडी!" काका खेकसले आणि शाफ्ट हलकेच काकूच्या खुर्चीवर ठेवला.