विरजणाची ओळ

कळमनुरीत तहसीलच्या रस्त्याला माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. माझं नाव कोमल, पण गिऱ्हाइकं माघारी मला मिरची म्हणतेत. म्हणू द्या. सातबारा उलटा धरून 'झेरॉक्स वाकडी काहून आली' म्हणणाऱ्याची मी काय आरती ओवाळू? पण अनुसयाबाईपुढं माझं काही चालायचं न्हाई. मी कितीबी तणतणले तरी ती पदरानं चष्मा पुसत बसायची, अन् माझं झालं की म्हणायची, "झालं का बोलून? आता टाईप कर."

अनुसयाबाई म्हणजे जवळच्या खेड्यातल्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई. सातवी शिकलेली. नवरा संतराम दुसऱ्याच्या शेतात सालगडी. शाळेच्या रद्दीतली जुनी मासिकं मास्तरांनी तिला चूल पेटवायला दिली, तिथून सगळं बिघडलं. ही चुलीम्होरं बसून कविता वाचायला लागली. एकदा खिचडी खाली लागली, पोरं नाकं मुरडत उठली, हेडमास्तर नको नको ते बोलले. तरी त्या मासिकांचं एक पान तिनं जाळलं न्हाई. मंग स्वतःच लिहायला लागली, अन् बाजाराच्या दिवशी पिशवीत भाजीच्या वर कागद ठेवून माझ्याकडं यायला लागली. मी टाईप करायची अन् ईमेलनं मासिकांना पाठवायची.

तिची लिहायची रीत सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं. तिला कुणाची कविता आवडली की त्यातली एक ओळ ती जशीच्या तशी घ्यायची अन् तिथून आपली कविता सुरू करायची. बाकीची कविता तिची. शेवटी खाली लिहायची, 'विरजण:' अन् पुढं ज्यांची ओळ घेतली त्यांचं नाव, गाव.

"हे काय मावशी?" मी विचारलं.

"अगं, दूध माझं. पण विरजण तर कुणाचं तरी आणावंच लागतंय ना? माझ्या घरचं दही शेजारच्या खाजा मियाच्या घरच्या विरजणाचं. त्याच्या फातिमाबीनं चमचाभर दिलं होतं. आमच्या गावात दही वाढताना सांगतेत, हे अमक्याच्या घरचं विरजण. न सांगता वाढलं की म्हाताऱ्या म्हणायच्या, चोरीचं दही वाढलंस गं."

"मासिकवाल्यांना कळणार हाय का हे?"

"दही खात न्हाईत का ते?"

घ्या.

कविता जायच्या. बहुतेकींचा तर पत्ताच लागायचा न्हाई, मेल कुठं गडप व्हायचे देव जाणे. कधी उत्तर आलं तर 'साभार परत'. पहिल्यांदा ते आलं तेव्हा बाई खूश! म्हणाली, "आभार मानून परत देऊन राहिले. म्हंजे भांडं धुऊन तरी देतेत."

"धुऊन देतेत, पण रिकामं देतेत," मी म्हणले. तिचा चेहरा उतरला. पुढच्या बाजाराला मात्र पुन्हा नवीन कागद घेऊन हजर.

असं वर्षामागून वर्ष गेलं अन् मंग डोळ्याचं सुरू झालं. साखर तिला आधीपासून होती. रोज शाळाभराची खिचडी ढवळणाऱ्या बाईला पथ्यपाणी कोण करून घालणार? डावा डोळा गेला. नांदेडच्या डॉक्टरनं उजव्यात सुया दिल्या, लेसर मारलं अन् सांगितलं, हा किती टिकंल ते मी सांगत न्हाई. त्या दिवशी ती एसटीतून उतरून घरी न जाता सरळ माझ्या दुकानात आली. स्टुलावर बसली.

"कोमल, मला माझं नाव छापलेलं माझ्या डोळ्यानं पाहायचं हाय. एकदाच. नंतर तू वाचून दाखवशील गं, पण ते ऐकणं झालं. मला पाहायचं हाय."

या बाईनं मला कधी पाण्याचा गिलास मागितला नव्हता. त्या दिवसापासून मीबी हट्टाला पेटले. मासिक म्हणू नका, त्रैमासिक म्हणू नका, दिवाळी अंक म्हणू नका, जिथला पत्ता सापडंल तिथं पाठवायला लागले. लोकांचे जातीच्या दाखल्याचे अर्ज टेबलावर पडून, अन् मी कविता पाठवून राहिले.

एका संपादकानं उत्तर दिलं. 'ज्येष्ठांच्या कवितांवर विरजण घालण्याऐवजी आपण स्वतःची कविता लिहावी.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दोनदा वाचल्यावर माझ्या ध्यानात आलं. त्या बाबाला विरजण म्हणजे आनंदावर पडतं तेवढंच माहीत! त्याला वाटलं, ही बाई चांगल्या कवितांची नासाडी करती अन् वर तसं लिहूनबी देती.

"मावशी, ती ओळ काढा," मी म्हणले. "'अमक्यावरून सुचली' असं लिहिते मी."

"सुचली न्हाई. मागून आणली."

"मंग काहीच लिहू नका. डोळा चालला तुमचा, अन् तुमी विरजण धरून बसल्या!"

दुकानात चार माणसं उभी होती तरी मी ओरडले. ती उठली, पिशवी उचलली. "डोळा गेला तर लोक आंधळी म्हणतील. ओळ काढली तर काय म्हणतील, ते सांग." अन् गेली. दुसऱ्या बाजाराला आली ती जसं काही झालंच न्हाई अशी. मीबी कागद घेतला अन् टायपिंगला बसले.

त्या वेळी तिनं आणलेली कविता औंढा नागनाथच्या जिवनबाई जोगदंड यांच्या कवितेवरची होती. या जिवनबाई रिटायर झालेल्या शिक्षिका, मासिकांत नाव असलेल्या. त्यांची परसातल्या धुण्याच्या दगडावर कविता होती. त्यातली पहिली ओळ अनुसयाबाईनं घेतली, अन् पुढं सगळं तिचं:

या दगडाला माझ्या धुण्याची सवय आहे.
मी आपटते, तो ऐकतो.
लेकाचा सदरा, नवऱ्याचं धोतर,
आणि माझं ते लुगडं, ज्यात मी रडले
हे साबणालाही कळलं नाही.
उद्या मी नसले तर, बायांनो,
हा दगड उलटा करून पाहा.
खालून तो अजून ओला असेल.

अन् खाली, 'विरजण: जिवनबाई जोगदंड, औंढा नागनाथ.'

मला कवितेतलं काही कळत न्हाई. पण टाईप करता करता मला माझ्या आईचा दगड आठवला अन् डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू? मी ती दुसऱ्याच एका त्रैमासिकाला पाठवली, अन् उत्तर आलं: 'कविता स्वीकारली आहे. पुढील अंकात.'

मी तिला फोन करून सांगितलं तर पलीकडून नुसतं भांडं पडल्याचा आवाज. मंग संतरामनं फोन घेतला, "काय सांगितलं वं तिला? रडून राहिली."

त्यानंतरचे दिवस मोजण्यात गेले. अंक आधी येतो का डोळा आधी जातो, एवढंच चाललं होतं. दुकानात आली की ती डावा डोळा हातानं झाकायची, ज्याचा तसाबी उपयोग नव्हता, अन् रस्त्यावरच्या एसटीची पाटी वाचायची. "नांदेड," म्हणायची. मंग काही दिवसांनी "नांदेड का हिंगोली गं?" अन् मंग पाटी वाचायचंच तिनं सोडलं.

अंक आला. माझ्याच दुकानाच्या पत्त्यावर मागवला होता. मी तिला बोलावून घेतलं. तिनं पान नाकाला टेकेल एवढं जवळ धरलं, उजेडाकडं तोंड केलं, अन् एकेक अक्षर लावत वाचलं. "अ... नु... स... या." मंग आडनाव. मंग पुन्हा पहिल्यापासून. इतकी हसली, इतकी हसली की शेजारचा पानटपरीवाला डोकावून गेला. मलाबी रडू आलं, आनंदाचंच.

मंग तिनं पान हळूहळू वर सरकवलं. कवितेच्या खाली आली.

"कोमल, खालची ओळ कुठंय?"

मी पाहिलं. ओळ नव्हती.

"जागा पुरली नसंल, मावशी."

"जागा तर हाय की." खाली अर्धं पान कोरं होतं. "जिवनबाईंचं नाव न्हाई. त्यांची ओळ माझ्या नावाखाली आली गं. हे काय झालं?"

मी त्याच दिवशी संपादकाला मेल केला, की बाबा, आमी पाठवलेली शेवटची ओळ पुढच्या अंकात तरी छाप. उत्तर न्हाई. पुन्हा केला. न्हाई. तेवढ्यात तिच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. नांदेडला नेलं, पण पुढचा अंक येईपर्यंत तिला फक्त दार उघडं हाय का लावलेलं, एवढंच कळायचं.

तो पुढचा अंक आला तेव्हा संतराम तिला हाताला धरून घेऊन आला. ती स्टुलावर बसली. "आली का ओळ?"

मी वाचकांच्या पत्रांचं पान उघडलं. पहिलंच पत्र जिवनबाई जोगदंडांचं. 'माझी ओळ जशीच्या तशी उचलून, कुठेही नाव न घेता, ही कविता रचण्यात आली आहे. याला वाङ्मयचोरी म्हणतात.' त्याच्याखाली संपादकाची टीप: 'घडल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सदर लेखिकेचे साहित्य यापुढे स्वीकारले जाणार नाही.' अन् तिचं नाव, आडनावासकट, काळ्याभोर अक्षरात.

मेल्याला माहीत होतं! ओळ यानंच काढली, अन् हाच वर दिलगीर!

"वाच ना," ती म्हणाली.

खोटं बोलायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण जिनं चमचाभर विरजण कधी लपवलं न्हाई, तिला मी काय फसवू? वाचून दाखवलं. सगळं.

"चोर म्हणल्या?"

"व्हय."

"जिवनबाई म्हणल्या? संपादक न्हाई?"

"जिवनबाई."

ती काही रडली न्हाई. संतरामला म्हणाली, "आपल्याला औंढ्याला जायचं." तो कामाचं सांगायला लागला, तर मी म्हणले, मी नेते. कविता पाठवलेल्या मेलची, त्या शेवटच्या ओळीसकट, प्रिंट काढली अन् औंढ्याची गाडी धरली.

नागनाथाच्या देवळामागच्या गल्लीत जिवनबाईंचं घर. दार त्यांनीच उघडलं, हातात काठी, केस पांढरेशुभ्र. मी मावशीचं नाव सांगताच त्यांचं तोंड आवळलं. "आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

मी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावला. कविता वाचली न्हाई, ती त्यांना पाठच असणार. नजर सरळ खाली गेली. "विरजण," त्या म्हणाल्या. अन् तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

"हे तुम्ही असं लिहून दिलं होतं?"

"व्हय बाई," अनुसयाबाई म्हणाली. तिला त्या कुठं बसल्या ते दिसत नव्हतं, ती भिंतीकडं पाहून बोलून राहिली होती.

"अगं, माझी आई नाव घेतल्याशिवाय कुणाला दही वाढू द्यायची नाही. हे मला दिसलं असतं ना, तर मी तुला शोधत तुझ्या गावाला आले असते." एवढं बोलून त्या म्हाताऱ्या बाईला हुंदका फुटला. "मी चोर म्हणाले तुला. छापून म्हणाले."

"तुमचं काय चुकलं बाई? नाव न घेता वाढलेलं दही. कुणीबी चोरीचंच म्हणंल."

जिवनबाईंनी तिचा हात धरला अन् किती तरी वेळ सोडला न्हाई. आमी तिथं असतानाच त्यांनी संपादकाला पत्र लिहिलं: माझी चूक झाली, या बाईंनी माझं नाव दिलं होतं, ते छापा.

ते पत्र छापलंच न्हाई. पुढच्या अंकात एवढंच: 'या विषयावरील पत्रव्यवहार आम्ही येथे थांबवत आहोत.' जिवनबाई फोनवर संपादकाशी भांडल्या. तो म्हणाला, 'विरजण' शब्दानं तुमचाच अपमान होत होता, तुमचा मान राखायला मी काढला. त्यांनी हजार परीनं समजावलं. त्यानं फोन ठेवला.

मी हे अनुसयाबाईला सांगितलं तेव्हा ती तिच्या अंगणात बाजेवर बसली होती. खिचडीचं काम सुटलं होतं. मी त्या संपादकाच्या सात पिढ्या उद्धरल्या. ती ऐकत होती. शेवटी माझ्याच्यानं राहवलं न्हाई, मी म्हणले, "जाऊ द्या मावशी. तुमचं नाव तर तुमी तुमच्या डोळ्यानं पाहिलं ना? तेवढं तर कुणी हिसकून घेतलं न्हाई."

"पाहिलं," ती म्हणाली. "नीट दिसलेलं शेवटचं तेच. अजूनबी दिसतं. वर माझं नाव, अन् खाली कोरं. मी नावाकडं पाहू जाते गं, पण नजर त्या कोऱ्यावरच जाती. आता ते कोरं डोळ्यातून पुसू कशानं?"